गेटिसबर्गची रणभूमी आणि संगणकीय युद्धखेळ : भूप्रदेश, वास्तव आणि डावपेच

प्रस्तावना

युद्धाच्या इतिहासात भूमी ही केवळ पार्श्वभूमी नसते. टेकडी, नाला, झाडी, कुंपण आणि रस्ता यांनी सैन्याची चाल, नजर आणि मनोधैर्य ही तिन्ही बांधलेली असतात. लिखित इतिहासात हा संबंध वर्णनातून व्यक्त होतो. युद्धखेळात तो नियमांतून व्यक्त करावा लागतो. इतिहासकार ‘ती टेकडी मोक्याची होती’ असे लिहून पुढे जाऊ शकतो. खेळाच्या रचनाकाराला मात्र ती टेकडी चढण्यास किती वेळ लागतो, तिच्यावरून किती दूरचे दिसते, तेथील तोफेचा मारा कितपत परिणामकारक ठरतो, हे सर्व आकड्यांत ठरवावे लागते. त्या अर्थाने प्रत्येक ऐतिहासिक युद्धखेळ हे त्या युद्धाविषयीचे एक विधान असते आणि अन्य कोणत्याही विधानाप्रमाणे ते तपासता येते.

संगणकीय युद्धखेळांच्या वाढीबरोबर रणभूमीचे चित्रण अधिकाधिक सूक्ष्म होत गेले. त्यामुळे नकाशा जितका अचूक, तितका खेळ वास्तव आणि खेळाडूचे डावपेचही तितकेच इतिहासाला धरून, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा केली आहे. त्यासाठी अमेरिकन यादवी युद्धातील गेटिसबर्गची लढाई हे उदाहरण निवडले आहे. या एकाच रणभूमीवर १९५८ पासून पट आणि संगणक या दोन्ही माध्यमांत अनेक खेळ तयार झाले. त्यामुळे भूमी तीच ठेवून नियम बदलल्यास डावपेच कसे बदलतात, हे येथे पडताळून पाहता येते.

गेटिसबर्ग : भूमी आणि निर्णय

१ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग या गावाभोवती जनरल रॉबर्ट ली यांचे दक्षिणेचे सैन्य आणि जनरल जॉर्ज मीड यांचे उत्तरेचे सैन्य यांच्यात लढाई झाली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५० हजार सैनिक मृत, जखमी, कैद किंवा बेपत्ता झाले. पहिल्या दिवशी उत्तरेच्या घोडदळाचे अधिकारी जॉन ब्यूफोर्ड यांनी गावाच्या पश्चिमेकडील कण्यांवर शत्रूला रोखून धरले. गावाच्या दक्षिणेकडील उंच जागा आपल्या पायदळासाठी मोकळ्या राहाव्यात, हा त्यामागील हेतू होता. सायंकाळपर्यंत उत्तरेचे सैन्य गावातून मागे हटले, पण सिमेटरी हिल ही टेकडी त्यांच्या हाती राहिली. पुढे कल्प्स हिल, सिमेटरी हिल, सिमेटरी रिज आणि लिटल राउंड टॉप यांना जोडणारी, मासे पकडण्याच्या गळासारखी वळलेली त्यांची संरक्षणरेषा तयार झाली. या आकारामुळे मीड यांना एका टोकाकडील तुकड्या दुसऱ्या टोकाकडे थोड्या वेळात पाठविता आल्या. ली यांच्या सैन्याला मात्र बाहेरच्या लांब वळशाने फिरावे लागले.

भूमीच्या महत्त्वाचे मोजमाप केवळ उंचीवरून करता येत नाही, हेही येथे स्पष्ट होते. लिटल राउंड टॉपच्या शेजारी बिग राउंड टॉप ही अधिक उंच टेकडी आहे. परंतु ती दाट झाडीची असल्याने तोफखान्याला निरुपयोगी होती. लिटल राउंड टॉपचा पश्चिम उतार वृक्षतोडीमुळे उघडा पडला होता. म्हणून कमी उंचीची टेकडी अधिक मोलाची ठरली. नकाशावर केवळ उंचीच्या रेषा अचूक काढणाऱ्या रचनाकाराकडून ही बाब सहज निसटू शकते.

दुसऱ्या दिवसाच्या घटना भूमी आणि माहिती यांचा संबंध उघड करतात. ली यांचे घोडदळप्रमुख जेब स्टुअर्ट मुख्य सैन्यापासून दूर असल्याने टेहळणी अपुरी होती. सकाळी पाहणीस पाठविलेले कॅप्टन सॅम्युएल जॉन्स्टन यांनी लिटल राउंड टॉपच्या परिसरात शत्रू नसल्याचे कळविले आणि त्यावर हल्ल्याची योजना उभी राहिली. जनरल लाँगस्ट्रीट यांच्या तुकड्या हल्ल्यासाठी दक्षिणेकडे निघाल्या असता, पुढील उंचवट्यावरून आपण लिटल राउंड टॉपवरील संकेतचौकीला दिसू, हे लक्षात आले. त्यामुळे त्यांना उलट फिरून दुसऱ्या वाटेने जावे लागले व मौल्यवान तास खर्ची पडले. दरम्यान उत्तरेच्या बाजूला डॅनियल सिकल्स यांनी आपल्या जागेपेक्षा समोरचा पीच ऑर्चर्डचा उंचवटा बरा, असे ठरवून आज्ञेशिवाय आपले कोअर पुढे नेले. लिटल राउंड टॉप रिकामी असल्याचे मुख्य अभियंता गव्हर्नर वॉरन यांच्या ध्यानात ऐनवेळी आले आणि स्ट्राँग व्हिन्सेंट यांच्या ब्रिगेडने शत्रू पोहोचण्याच्या जेमतेम आधी ती व्यापली. या सर्व घटनांचे मूळ, कोणाला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते, यात आहे.

नकाशावरील युद्ध : क्रीगश्पील ते षट्कोन

संगणकीय युद्धखेळांची परंपरा प्रशियातून सुरू होते. गेऑर्ग फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये आपल्या वडिलांच्या खेळाला नवे रूप देऊन ‘क्रीगश्पील’ सिद्ध केला. वडिलांच्या १८१२ च्या खेळात भूमी दाखविण्यासाठी तुकडे जुळवावे लागत; मुलाने १:८००० प्रमाणाचा भूवर्णनात्मक नकाशा वापरला. परंतु या खेळाचे खरे वैशिष्ट्य त्यातील पंच हे होते. खेळाडू आपल्या आज्ञा पंचाकडे देत आणि शत्रूला ज्या तुकड्या दिसू शकतील, केवळ त्याच पंच नकाशावर मांडत असे. म्हणजे भूमीचे अचूक चित्र आणि माहितीची मर्यादा ही दोन्ही अंगे या खेळात एकत्र नांदत होती.

विसाव्या शतकाच्या मध्यावर चार्ल्स रॉबर्ट्स यांनी अमेरिकेत युद्धखेळ सामान्य ग्राहकापर्यंत नेला. त्यांच्या ॲव्हलॉन हिल या कंपनीने १९५८ मध्ये ‘गेटिसबर्ग’ हा पटावरील खेळ प्रकाशित केला आणि १९६१ च्या आवृत्तीत षट्कोनी घरांचा पट वापरला. चौकोनी घरांत तिरकी चाल सरळ चालीपेक्षा लांब पडते. षट्कोनात सहाही शेजारी घरांची केंद्रे सारख्याच अंतरावर असतात. या सोयीमुळे षट्कोन पुढील अनेक दशके युद्धखेळाचे ओळखचिन्ह बनला. मात्र घरी बसून खेळणाऱ्या दोघांना पंच मिळणे कठीण होते. पंच गेला आणि त्याच्याबरोबर अज्ञानही गेले. सर्व सोंगट्या दोघांनाही दिसू लागल्या. भूमीचे मोजमाप सोपे झाले, पण माहितीची मर्यादा नाहीशी झाली. पुढील संगणकीय खेळांचा विचार करताना ही देवाणघेवाण लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

चालीचा खर्च आणि वेळेचा प्रश्न

षट्कोनी पटावर भूमीचा पहिला अर्थ ‘खर्च’ हा असतो. प्रत्येक तुकडीला एका पाळीत ठरावीक चालगुण मिळतात. रस्त्यावर ते कमी खर्च होतात, जंगलात वा चढावर अधिक. तसेच जंगल, गाव किंवा उंचवटा येथे असलेल्या तुकडीला संरक्षणाचा लाभ मिळतो. हा हिशेब स्पष्ट असल्याने खेळाडूचे डावपेचही हिशेबी बनतात. किती घरे चाललो असता पाळीच्या अखेरीस झाडीत पोहोचू, हाच त्याच्यापुढील मुख्य प्रश्न होतो.

या पद्धतीतील धोका जिम डनिगन यांच्या ‘पँझरब्लिट्झ’ (१९७०) या दुसऱ्या महायुद्धावरील पटखेळाने उघड केला. त्यातील भूमीचे प्रकार विचारपूर्वक योजलेले होते. पण शत्रू उघड्यावरून जात असताना त्याच्या पाळीत त्याच्यावर मारा करण्याची तरतूद नव्हती. परिणामी रणगाडे एका झाडीतून निघून, शत्रूच्या तोफांसमोरील मोकळे मैदान ओलांडून, बिनधोक दुसऱ्या झाडीत शिरत. खेळाडूंनी या डावपेचाला ‘पँझरबुश’ असे थट्टेचे नाव दिले. १९७४ च्या ‘पँझर लीडर’ या पुढील खेळात चालत्या शत्रूवर मारा करण्याचा नियम आला आणि मोकळे मैदान पुन्हा धोक्याचे झाले. नकाशावरील मैदान दोन्ही खेळांत मैदानच होते. ते ओलांडताना लागणाऱ्या वेळेत शत्रू काय करू शकतो, हे नियमाने सांगितल्यावरच त्याला लष्करी अर्थ प्राप्त झाला.

गेटिसबर्गच्या तिसऱ्या दिवसाला हा मुद्दा तंतोतंत लागू पडतो. ‘पिकेटचा हल्ला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चढाईत सुमारे १२,५०० सैनिकांनी जवळजवळ पाऊण मैलाचे उघडे शिवार ओलांडले. जमिनीतील सखल भागांनी त्यांना अधूनमधून आडोसा दिला, तर एमिट्सबर्ग रस्त्याच्या कुंपणांनी त्यांची चाल ऐन माऱ्याच्या टप्प्यात मंदावली. निम्म्याहून अधिक सैनिक मृत, जखमी वा कैद झाले. या शिवारात झाडी नव्हती, डोंगर नव्हता. साध्या पटावर ते ‘मोकळे घर’ म्हणूनच नोंदले जाईल. त्याची भीषणता वेळ आणि मारा यांच्या मेळातून निर्माण झाली होती.

दृष्टिरेषा, उंची आणि मनोधैर्य

संगणकाने प्रारंभी पटाचेच अनुकरण केले. स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स या कंपनीने १९८० मध्ये ‘कॉम्प्युटर बिस्मार्क’ने आपली वाटचाल सुरू केली आणि १९८६ मध्ये ‘गेटिसबर्ग : द टर्निंग पॉइंट’ प्रकाशित केला. १९९५ मध्ये टॅलनसॉफ्ट कंपनीचा ‘बॅटलग्राउंड : गेटिसबर्ग’ आला. तोही षट्कोनांचाच होता. परंतु एका घरातून दुसरे घर दिसते की नाही, याची किचकट आकडेमोड आता यंत्र करीत होते. पाळीची विभागणी चाल, बचावाचा मारा, चढाईचा मारा आणि हातघाई अशा टप्प्यांत केल्याने मोकळ्या जागेतून पुढे सरकणाऱ्याला मारा सोसावाच लागे. त्यामुळे कण्याच्या माथ्यामागे राखीव तुकड्या ठेवणे, हा त्या काळातील सेनानींना परिचित असलेला डावपेच खेळातही फलदायी ठरला.

१९९७ मधील ‘सिड मायर्स गेटिसबर्ग’ या फिरॅक्सिस कंपनीच्या खेळाने षट्कोन आणि पाळी या दोहोंचा त्याग केला. रेजिमेंट सलग भूमीवर हलत आणि घड्याळ थांबत नसे. तपशिलाच्या दृष्टीने हा खेळ ‘बॅटलग्राउंड’पेक्षा सोपा होता. तरीही त्यातील डावपेच अनेक बाबतींत अधिक ऐतिहासिक वाटतात. त्याचे कारण मनोधैर्याच्या नियमात आहे. बाजूला आपलीच रेजिमेंट असेल तर सैनिक टिकून राहतात. बगलेवर मारा झाला की लवकर खचतात. उंचावर व आडोशाला त्यांचे बळ वाढते. परिणामी खेळाडू शत्रूला ठार करण्यापेक्षा त्याची ओळ मोडण्याच्या मागे लागतो आणि टेकडीचा उपयोग ओळ सांधून ठेवण्यासाठी करतो. येथे भूमीचे चित्र ढोबळ असूनही भूमी आणि माणूस यांच्यातील संबंध नेमका पकडला गेला आहे. लिटल राउंड टॉपवर विसाव्या मेन रेजिमेंटने आपली डावी बगल मागे वळवून अखेरीस संगिनींनी प्रतिहल्ला केला, त्यामागील तर्क अशा नियमांतूनच समजू शकतो.

सेनापतीचे अज्ञान

खर्च आणि दृष्टिरेषा हे भूमीचे दोन पदर संगणकाने उत्तम रीतीने हाताळले. तिसरा पदर, म्हणजे सेनापतीचे ज्ञान, मात्र दुर्बळ राहिला. वास्तविक संगणक हा क्रीगश्पीलमधील पंचाची जागा घेण्यास सर्वथा योग्य होता. शत्रूच्या न दिसणाऱ्या तुकड्या लपविण्याची सोय अनेक खेळांत झालीही. परंतु दुसरीकडे खेळाडूला आकाशातून पाहण्याची मुभा मिळाली. त्याच्या सर्व तुकड्या जे पाहतात ते त्याला तत्क्षणी दिसते, त्याने दिलेली आज्ञा तत्क्षणी पोहोचते आणि लपलेला शत्रू सोडला तरी भूमी कधीच लपत नाही. कोणत्या जागेवरून काय दिसेल, हे त्याला तेथे न जाता तपासता येते. अशा खेळात लाँगस्ट्रीट यांची उलट चाल घडूच शकत नाही. खेळाडू आधीच आडवाट निवडतो. जॉन्स्टन यांची चुकीची टेहळणीही घडत नाही. म्हणजे नकाशा जितका अचूक, तितका खेळाडू ली यांच्यापेक्षा अधिक जाणता होतो आणि त्याचे डावपेच १८६३ पासून तितकेच दूर जातात.

याच्या उलट दिशेने झालेले संशोधन उद्बोधक आहे. भूगोलाच्या अभ्यासक ॲन केली नोल्स यांनी भौगोलिक माहिती प्रणालीच्या साहाय्याने, गेटिसबर्ग येथे ली यांना प्रत्यक्ष काय दिसू शकत होते, याचा शोध घेतला. २००८ मध्ये तो प्रकाशित झाला. भूमीच्या चढउतारामुळे उत्तरेच्या सैन्याचा मोठा भाग त्यांच्या नजरेआड असल्याचे त्यातून दिसून आले. संगणकीय खेळात जे तंत्र खेळाडूची दृष्टी विस्तारते, तेच येथे सेनापतीच्या दृष्टीची मर्यादा दाखविण्यासाठी वापरले गेले.

खेळांच्या क्षेत्रातही असा प्रयत्न झाला आहे. २०१० मधील ‘स्कर्ज ऑफ वॉर : गेटिसबर्ग’ या खेळात खेळाडूला आपल्या सेनानीच्या घोड्याजवळच खिळवून ठेवण्याची आणि आज्ञा जासुदांकरवी पाठविण्याची पद्धत निवडता येते. निरोप पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असू शकते. या पद्धतीत खेळाडूचे वर्तन पालटते. तो राखीव फौज जवळ ठेवतो, आज्ञा लवकर व मोघम देतो आणि हाताखालच्या अधिकाऱ्यावर विसंबतो. पहिल्या दिवशी ली यांनी इवेल यांना शक्य असल्यास सिमेटरी हिल घेण्यास सांगितले आणि इवेल यांनी हल्ला केला नाही, हा प्रसंग आकाशातून पाहणाऱ्याला अनाकलनीय वाटतो; घोड्यावरून पाहणाऱ्याला तो कळू लागतो.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर असा आक्षेप घेता येईल की खेळ हा अखेर खेळ आहे आणि खेळाडूला आंधळे केल्यास तो कंटाळेल. हा आक्षेप रास्त आहे. जासुदांची पद्धत ऐच्छिक ठेवण्यामागेही हीच अडचण आहे. शिवाय गेटिसबर्गचा इतिहास वाचलेल्या खेळाडूला लिटल राउंड टॉपचे महत्त्व पहिल्या क्षणापासून माहीत असते. कोणताही नियम हे पश्चात्ज्ञान पुसू शकत नाही. उत्तरेकडून खेळणारा ती टेकडी ताबडतोब व्यापतो आणि वॉरन यांचा निर्णय घडण्याचे कारणच उरत नाही. त्यामुळे युद्धखेळाने इतिहासाची पुनरावृत्ती करावी, ही अपेक्षा मुळात चुकीची आहे. त्याचे मूल्य वेगळे आहे. भूमीने कोणते पर्याय खुले ठेवले होते आणि कोणते बंद केले होते, हे तो करून दाखवितो. मात्र त्या पर्यायांपैकी तत्कालीन सेनानीला किती ठाऊक होते, हा प्रश्न खेळाबाहेर, साधनांच्या आधारेच सोडवावा लागतो.

असईची लढाई आणि इतिहासाचे अध्यापन

हा भेद मराठ्यांच्या इतिहासाच्या अध्यापनातही महत्त्वाचा आहे. २००९ मधील ‘एम्पायर : टोटल वॉर’ या संगणकीय खेळात मराठा सत्ता खेळाडूला निवडता येते. त्यामुळे मराठ्यांच्या लढायांविषयी काही विद्यार्थ्यांची पहिली कल्पना पडद्यावर घडण्याची शक्यता नाकारता येत नाही. अशा वेळी जालना जिल्ह्यातील असईची लढाई विचारात घ्यावी. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली यांना शिंदे व भोसले यांच्या फौजा नदीपलीकडे दिसल्या. वाटाड्यांनी जवळपास उतार नसल्याचे सांगितले. परंतु नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहून, त्यांच्या दरम्यान येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्यांनी केला आणि तेथून सैन्य पलीकडे नेले. शिंद्यांच्या कवायती पलटणींनीही पोलमन यांच्या नेतृत्वाखाली आपली आघाडी वळवून दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीत नवी ओळ उभी केली. ही शिस्त वेलस्ली यांना अनपेक्षित होती.

या लढाईचा खेळ रचताना नकाशावर उतार आधीच दाखविला, तर लढाईतील सर्वांत महत्त्वाचा निर्णयच नाहीसा होतो. पलटणींना वळण्यास लागणारा वेळ चुकीचा धरला, तर मराठी फौजांची कवायती क्षमता एकतर अदृश्य होते किंवा अवास्तव वाढते. एका आकड्यात पराभूत पक्षाविषयीचा न्याय वा अन्याय दडलेला असू शकतो. पराभूत सेनानी मूर्ख होते, असा निष्कर्ष विद्यार्थी पडद्यावरून काढत असेल, तर त्याला त्या सेनानीला काय दिसत होते, हा प्रश्न विचारण्यास शिकविणे हे इतिहास शिक्षकाचे कर्तव्य ठरते.

निष्कर्ष

१. युद्धखेळातील भूमीला चालीचा खर्च, दृष्टिरेषा आणि सेनापतीचे ज्ञान असे तीन पदर असतात. खेळाडूचे डावपेच या तिन्हींच्या मेळातून आकार घेतात.

२. भूमीचे सूक्ष्म चित्रण म्हणजे वास्तव नव्हे. वेळ, मारा आणि मनोधैर्य यांचे नियम सदोष असतील, तर अचूक नकाशावरही अनैतिहासिक डावपेच यशस्वी होतात.

३. युद्धखेळांचा विकास सरळ प्रगतीचा नाही. क्रीगश्पीलमध्ये असलेली माहितीची मर्यादा पटखेळात मोठ्या प्रमाणात हरवली आणि संगणकात ती अंशतःच परत आली.

४. ऐतिहासिक युद्धखेळ वर्गात वापरता येतो. मात्र बखरीचा वापर करताना तिचा कर्ता, काळ आणि हेतू तपासला जातो, त्याप्रमाणे खेळाचे नियम, त्यातील गृहीतके आणि त्याने खेळाडूला दिलेले जादा ज्ञान तपासणे आवश्यक आहे. तसे केल्यास पडद्यावरील टेकडी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष टेकडीकडे आणि तेथून मूळ साधनांकडे नेऊ शकेल.